जुना कॉम्प्युटर, बेताचा पैसा

वार्षिक परीक्षा संपल्या की आमच्या दिघी-भोसरी भागातल्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. मुलगा म्हणतो, कॉम्प्युटर जुना झाला, गेम अडकतो, नवा घ्या. अब्बू म्हणतात, चालती वस्तू टाकायची कशाला? अम्मी दोघांचे ऐकत असते आणि तिच्या डोळ्यांसमोर किराणा, शाळेची फी आणि ईदचे कपडे असतात. आमचा अनुभव असा, की या वादात मुलगा आणि अब्बू दोघेही अर्धे अर्धे बरोबर असतात. कॉम्प्युटर खरोखर मागे पडलेला असतो, पण तो सगळाच्या सगळा मागे पडलेला नसतो. नेमके काय मागे पडले आहे, एवढे ओळखता आले तर निम्मा खर्च तिथेच वाचतो. या महिन्यात त्याबद्दलच बोलू.

हा प्रश्न आताच इतक्या घरांत का आला, याचे एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय ठेवली, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ मात्र सगळ्या मशीनवर चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. २०१७-१८ मध्ये घेतलेली मशीन नेमकी या सीमारेषेवर उभी आहेत. काही अलीकडे, काही पलीकडे.

दोन मशीनचे उदाहरण घेऊ. दोन्ही आमच्या पाहण्यातली, दोन्ही दिघीतल्याच घरांतली.

पहिल्यात इंटेलचा कोअर आय ५ ७४०० आहे. हा सातव्या पिढीचा प्रोसेसर, २०१७ च्या सुरुवातीला आलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली. तिचा सॉकेट दिसायला तोच, नावातला आकडाही तोच, पण जुन्या मदरबोर्डवर ती चालत नाही. म्हणजे या घराला प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागणार. मग कॅबिनेट सोडून उरले काय?

दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ २६०० आहे, बी ४५० मदरबोर्डवर. दोन्ही २०१८ चे. एएमडीने एएम ४ हा सॉकेट अनेक वर्षे टिकवला, त्यामुळे या बोर्डावर बायोस अद्ययावत करून २०२० सालची रायझन ५००० मालिका बसते. शिवाय २६०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. कॉम्प्युटर ‘चालणार नाही’ असे सांगत असेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये टीपीएमची सोय बंद ठेवलेली असते, एवढेच. एएमडीच्या बोर्डात तिचे नाव एफटीपीएम असे दिसते. डिस्क जुन्या पद्धतीने मांडलेली असेल तर तीही बदलून घ्यावी लागते. यात पैसा लागत नाही, जाणकार माणूस लागतो.

जवळपास एकाच वयाची दोन मशीन, पण एकाचे आयुष्य संपत आले आहे आणि दुसऱ्याचे अजून चार वर्षे निघू शकते. म्हणून पहिली गोष्ट ही, की बाजारात पाऊल टाकण्याआधी आपल्या मशीनमधल्या प्रोसेसरचे आणि मदरबोर्डचे पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. ‘आय फाइव्ह आहे’ एवढे सांगून भागत नाही. आय ५ दर पिढीत असतो.

दुसऱ्या मशीनच्या घराची गोष्ट पुढे नेऊ, कारण अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. अब्बू भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर ऑपरेटर. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा अकरावीत. कॉम्प्युटर एकच. त्यात ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा पॉवर सप्लाय. मुलाला गेममध्ये झटके बसत होते. एका दुकानात विचारल्यावर तिथल्या माणसाने मशीन न उघडताच सांगितले, हे सगळे बदला, ९५ हजारांत नवे देतो, हप्ते करून देतो. घरात होते भिशीचे २२ हजार, आणि त्यातून मुलीला कॅडसाठी काहीतरी करून द्यायचे, असे अम्मीच्या मनात आधीपासून होते.

इथे खरा प्रश्न कार्डाचा नव्हता. एका पैशावर दोन मुलांचा हक्क होता, आणि मोठ्या आवाजात मागणी करणारा एकच होता. मुलगी गप्प होती. ड्रॉइंग उघडायला पाच पाच मिनिटे लागतात, हे तिने विचारल्यावर सांगितले. आपल्या घरांत मशवऱ्याची रीत आहे, ती अशाच वेळी कामी येते. सगळ्यांना बसवायचे, प्रत्येकाला विचारायचे, आणि जो मागत नाही त्याला आधी विचारायचे. बसल्यावर ठरले ते असे, की जी वस्तू दोघांच्या उपयोगाची ती आधी, जी एकाच्याच उपयोगाची ती नंतर.

आता मशीनची तपासणी. ती घरीच होते आणि फुकट होते. कॉम्प्युटर रोजच्यासारखा चालू द्यावा, गेम किंवा कॅड उघडावे, आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्क, मेमरी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांचे टक्के दिसतात. डिस्क सतत १०० वर असेल तर दोष डिस्कचा. मेमरी ९० च्या वर चिकटून बसली असेल तर रॅम कमी पडते. ग्राफिक्स कार्ड ९५-१०० वर आणि प्रोसेसर निवांत, तर कार्ड मागे पडले. उलट प्रोसेसर १०० वर आणि कार्ड अर्धवट रिकामे, तर प्रोसेसर कमी पडतो आणि तिथे नवे कार्ड लावणे म्हणजे पैसा पाण्यात. या घरात डिस्क आणि मेमरी दोन्ही लाल झालेल्या होत्या, आणि गेममध्ये कार्डही पूर्ण भरलेले होते. प्रोसेसर मात्र अजून दम धरून होता.

खर्चाआधी आणखी चार बिनपैशाची कामे आहेत. पहिले, धूळ. आपल्या भागात एमआयडीसीची आणि रस्त्यांच्या कामांची धूळ कमी नाही. प्रोसेसरच्या पंख्यात ती गादीसारखी बसते, तापमान चढते आणि मशीन जीव वाचवायला आपणहून वेग कमी करते. वीज काढून, मऊ ब्रशने साफसफाई करावी आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलावी. पेस्टला किरकोळ पैसे लागतात. दुसरे, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे की मदरबोर्डात, हे पाहावे. ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असते, तिथे केबल चुकीच्या जागी असली तरी चित्र दिसते आणि विकत घेतलेले कार्ड नुसते बसून राहते. तिसरे, रॅमचा वेग. पाकिटावर ३२०० लिहिलेले असते, पण बायोसमध्ये एक्सएमपी ही सोय चालू केली नसेल तर तीच रॅम २१३३ किंवा २४०० ने धावते. चौथे, मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवणार. मग १४० चित्रे काढणारे कार्ड घेऊन डोळ्यांना फारसे काही मिळणार नाही. किती हवे, हे आपल्या मॉनिटरवरून ठरवावे, शेजारच्या मुलाच्या मशीनवरून नव्हे.

आता खरेदी. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमानेच सांगतो.

सर्वांत आधी एसएसडी. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. पण खरा फरक याहून मोठा आहे. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली शोधाव्या लागतात. हार्ड डिस्कमध्ये एक सुई तबकडीवर इकडून तिकडे पळते. एसएसडीत हलणारा भागच नाही. म्हणून दोन-तीन मिनिटांनी सुरू होणारे मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत उभे राहते. अलीकडच्या बऱ्याच मोठ्या गेमच्या अटींतही एसएसडी लिहिलेली असते. ५०० जीबी पुरे. जुनी हार्ड डिस्क काढून टाकू नका. फोटो, व्हिडिओ, अभ्यासाच्या फायली तिच्यावर ठेवा. आणि उद्या मशीन बदलले तरी हीच एसएसडी नव्यात लावता येते. म्हणूनच वर सांगितलेल्या सातव्या पिढीच्या घरालाही आम्ही हीच एक वस्तू घ्यायला सांगू, बाकी काही नाही. विंडोज ११ ची वाट न पाहता त्यावर लिनक्स मिंट टाकले तर अभ्यासाला, टायपिंगला, इंटरनेटला ते मशीन आणखी काही वर्षे देईल. गेमच्या नावाने त्यात पैसा घालू नये.

दुसरी वस्तू रॅम. एकच पट्टी असेल तर दुसरी तेवढीच आणि त्याच जातीची घ्यावी. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते, रायझनला याचा विशेष फायदा होतो. डीडीआर ३, ४ आणि ५ या तिन्हींच्या खाचा वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. सॉलिडवर्क्ससारख्या कॅड सॉफ्टवेअरला कंपनीच १६ जीबी किंवा जास्त सांगते, म्हणजे ८ ची १६ करणे हे मुलीच्या अभ्यासाचे काम होते, आणि गेमला ते आपोआप लाभले. एक लक्षात असू द्या. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांसाठी मेमरी खेचली जाऊ लागली. म्हणून मागच्या वर्षीचा भाव डोक्यात ठेवून दुकानदाराशी भांडू नये, आणि चांगल्या स्थितीतली वापरलेली रॅम मिळाली तर नाकारूही नये. रॅम सहसा वापराने झिजत नाही. ती एक तर चालते किंवा चालत नाही.

तिसरी वस्तू पॉवर सप्लाय, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही. कारण त्याने गेम एका चित्रानेही वेगवान होत नाही. पण बाकी सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो. स्टिकरवर ४५० वॉट लिहिले म्हणून तो ४५० देतोच असे नाही. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः यावरच जगतात. हा गुणाकार सातवीतल्या मुलालाही येतो, त्यालाच करायला लावा. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, पावसाळ्यात ती येत-जात राहते. अशा ठिकाणी ‘८० प्लस’ प्रमाणित, काही वर्षांची वॉरंटी असलेला ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि भिंतीतले नीट अर्थिंग ही चैन नव्हे, विमा आहे.

चौथे आणि शेवटचे, ग्राफिक्स कार्ड. १०५० टीआय २०१६ चे, ७५ वॉटमध्ये भागणारे. या घराने त्याजागी २०१९ चे जीटीएक्स १६६० सुपर हे ६ जीबीचे कार्ड वापरलेले घेतले. त्याला १२५ वॉट लागतात आणि पॉवर सप्लायमधून वेगळी आठ पिनांची केबल लागते. हिशेब मांडला, कार्ड १२५, प्रोसेसर ६५, बाकी सगळे मिळून ५०-६०; म्हणजे २५० च्या आसपास. ५५० वॉटच्या सप्लायवर ते निवांत चालते, जुन्यावर चालले नसते. कार्ड कॅबिनेटमध्ये मावते का, हे आधी टेपने मोजावे.

वापरलेले कार्ड घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. इथेरियम नावाचे आभासी चलन पूर्वी ग्राफिक्स कार्डांवर खोदले जाई; सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी ती पद्धत सोडली आणि रात्रंदिवस तापलेली हजारो कार्डे बाजारात आली. प्रत्येक वाईट असते असे नाही, पण पंखा, तापमान आणि मेमरी तपासल्याशिवाय घेऊ नये. काही ठिकाणी तर जुन्याच चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेले असते. आरएक्स ५८० घेताना विचारावे, २३०४ कोअरचे की २०४८ चे. एकाच नावाखाली दोन्ही विकली जातात. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम खरी चिप दाखवतो. विक्रेत्यासमोर अर्धा तास गेम किंवा चाचणी चालवून पाहावी, बिल मागावे, सिरीयल नंबर जुळवावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ओळखीतल्या मुलाचे घर, नियम एकच. जो चालवून दाखवायला टाळतो, त्याच्याकडून घेऊ नये.

चारही वस्तू मिळून त्या घराचे २० हजार ८०० झाले. एसएसडी आणि रॅमला ८ हजार, पॉवर सप्लायला ४ हजार ३००, कार्डाला साडेआठ हजार. तुमच्या दिवशी भाव वेगळे असतील, पण वाटणी साधारण अशीच राहावी. सगळा पैसा कार्डात घालून पॉवर सप्लाय तोच ठेवणे हा या खेळातला सर्वांत महाग स्वस्तपणा आहे. प्रोसेसर त्यांनी बदलला नाही. तो पुढच्या वर्षी, गरज वाटली तर.

आता हप्त्यांचे. ९५ हजारांचे मशीन ‘बिनव्याजी हप्त्यावर’ नेण्याचा आग्रह त्यांना झाला होता. सूद आपल्याकडे हराम आहे हे लहान मुलालाही माहीत असते, म्हणूनच ‘नो कॉस्ट’ हा शब्द आपल्या घरांत जास्त चालतो. पण सप्टेंबर २०१३ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसते. ते अनेकदा प्रक्रिया शुल्कात झाकलेले असते. पुष्कळदा रोखीने मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही, तीच व्याजाची जागा घेते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो. म्हणून दोन प्रश्न विचारावेत. रोख दिले तर किती? आणि हप्त्याने एकूण किती, सगळे शुल्क धरून? दोन आकडे वेगळे आले तर मधले अंतर काय आहे, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मसला किचकट असेल तर आपल्या मशिदीच्या जाणकार मौलानांना कागद दाखवून विचारावे. भिशी किंवा नातेवाइकांकडून कर्जे हसना हे मार्ग आपल्यात जुने आहेत आणि आजही चालतात.

काही वाचक विचारतील, गेमसाठी एवढा विचार करायचाच कशाला? मुळात खर्चच नको. आमचे म्हणणे असे, की इस्लामने खर्चात कंजूषपणाही सांगितलेला नाही आणि उधळपट्टीही. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांचे जे गुण सांगितले आहेत त्यांत खर्चातला हाच मध्यममार्ग येतो. मूल घरात, आपल्या डोळ्यांसमोर, हद्दीत राहून खेळत असेल तर ते बाहेरच्या अंधाऱ्या कॅफेपेक्षा बरे. पण हद्द ठरलेली असावी. कॉम्प्युटर हॉलमध्ये असावा, नमाजची वेळ झाली की उठावे, बहिणीचे ड्रॉइंग असेल त्या दिवशी खेळ नाही. आणि पैसे लावून खेळायचे गेम अजिबात नाहीत. ते आपल्या दीनमध्ये जुगारच आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही अशा खेळांवर बंदी घातली आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे, हेही मुलाला सांगावे, म्हणजे दोहोंतला फरक त्याला कळेल. घरातल्या कुणाचेही बँक कार्ड गेममध्ये नोंदवून ठेवू नये.

काढलेल्या वस्तूंचे काय करायचे, हाही हिशेबाचाच भाग आहे. हार्ड डिस्क कधी विकली किंवा कुणाला दिली, तर आधी ती पूर्ण पुसून घ्यावी. नुसते डिलीट करून भागत नाही, साध्या प्रोग्रामने त्या फायली परत निघतात. घरातल्या लग्नाचे फोटो, आधार कार्डाच्या प्रती अनोळखी हातात जाणे म्हणजे अमानत सांडणे आहे. बिघडलेला पॉवर सप्लाय घंटागाडीत टाकू नये. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; असा माल नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. तारा जाळून तांबे काढणाऱ्याकडे तो गेला तर त्याचा धूर कुणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो.

राहिले जुने कार्ड. १०५० टीआयचा पंखा गरम झाल्यावर घरघर करायचा. मुलाचे म्हणणे होते, गिऱ्हाईक आले की पाचच मिनिटे चालवून दाखवू, तेवढ्यात आवाज येत नाही. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका धान्याच्या राशीत हात घालतात आणि बोटांना आत ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस लागला. पैगंबर (स.) त्याला विचारतात, की मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे स्पष्ट सांगतात. अब्बूंनी तोच प्रसंग मुलाला सांगितला आणि घ्यायला आलेल्या मुलासमोर कार्ड अर्धा तास चालवायला लावले. घरघर ऐकू आली. सौदा साडेतीन हजारांवरून तीन हजारांवर आला.

हे पाचशे रुपये त्या खरेदीतले सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे होते, असे आम्हांला वाटते. आलेल्या तीन हजारांतून मुलीने टी-स्क्वेअर असलेले नवे ड्रॉइंग बोर्ड घेतले. उरलेले भिशीच्या डब्यात परत गेले.